पाच हात, पाच मुठी

जमीन मोजायची सरकारी काठी ओढ्यात वाहून गेली, म्हणून कारकून पंतांनी चावडीवर नवा बांबू मागवला. काठीची लांबी पाच हात आणि पाच मुठी. हात कुणाचा, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

"आमच्या सुभानजी पैलवानाचा घ्या की," पाटील म्हणाले.

सुभानजी वाकूनच आत आला, तरी त्याचं पागोटं चौकटीला अडकलं. काठी लांब तर बिघे कमी, आणि बिघे कमी तर शेतसारा कमी, हे गावातल्या म्हशींनाही कळत होतं. पंतांना कळत नव्हतं, याचंच पाटलांना हसू येत होतं.

पंतांनी निमूटपणे त्याच्या हाताने बांबू मापून तोडला. चार दिवसांत मोजणी झाली. दोनशे बिघ्यांचं गाव एकशेवीस बिघ्यांत बसलं. पाटलांनी खूश होऊन पंतांना स्वतः विडा लावून दिला.

"सारा धान्यात घेऊ. बिघ्याला शंभर ओंजळी," पंत विडा चघळत म्हणाले.

पाटलांनी ओंजळी भरायला गावातल्या सगळ्यात बुटक्या नारोबाला पुढे केलं.

"छे, पाटील, एका गावात दोन माणसांचे हात कसे चालतील?" पंत म्हणाले. "सुभानजीलाच बोलवा."