वहीतली चिमूटभर माती

सांगितलं तर अख्ख्या कोल्हापुरात कुणी विश्वास ठेवायचं नाही, पण आकाराम पैलवान आयुष्यात एकदा खरं बोलला. तेही लेखी. आणि तेव्हापासून घरातल्या एकाही माणसावर त्याचा भरवसा राहिला नाही.

आज सकाळी त्यानं गादीखालची वही काढून उघडली. पानांच्या बेचक्यात काल मुद्दाम ठेवलेली तालमीतली चिमूटभर तांबडी माती गायब होती.

म्हणजे कुणीतरी वाचत होतं.

वही सुनेनं दिलेली. शाहूपुरीतल्या तिच्या ऑफिसात कसलंसं शिबिर झालं, तिथनं क्रांती दोन वह्या घेऊन आली. दुसरी कुणाची, हे आकारामनं विचारलं नाही. "मामा, बीपीला बरं असतंय. रोज दहा मिनिटं मनात येईल ते लिहायचं. पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही. आणि कुणी वाचणार नाही, शपथ!" पैलवानानं पेन टेकवलं आणि म्हशीनं दावं तोडावं तसा हात सुटला. पहिल्याच पानावर लिहून बसला : कुरुंदवाडच्या मैदानात मी पाडलं न्हाय. मी पडलो.

झाली का पंचाईत! तालमीच्या कट्ट्यावर, लग्नात, मयतीत, एस्टीत शेजारी बसलेल्या पावण्याला, पंचेचाळीस वर्षं त्यानं एकच सांगितलं होतं, की कुरुंदवाडच्या उरसात सांगलीकडच्या दांडग्या मल्लाला ढाक लावून अकरा सेकंदात आस्मान दाखवलं. पोरगा ह्याच गोष्टीवर वाढलेला. ते पान फाडून टाकावं, तर तेही जमेना. ते लिहिल्यापासनं बीपी खरंच उतरलं होतं.

वाचणारं कोण? राजवर्धन? पोरगा सकाळपासनं गालात हसत होता, पण बापाकडं बघून का मोबाइलकडं बघून, ते कळत नव्हतं. क्रांती? शपथ घेणाऱ्या माणसावर आकारामचा विश्वास नव्हता. तो स्वतः दिवसाला दहा घ्यायचा. झुंबरबाईचा तर प्रश्नच नव्हता. बायको अंगठेबहाद्दर. महिन्यामागं बँकेत जाऊन आली, तीसुद्धा अंगठा निळा करून.

त्यानं डाव टाकायचं ठरवलं. खाटेवर बसून लिहिलं : राजवर्धनची बुलेट विकून टाकायची. क्रांतीच्या तांबड्या रश्श्याला चव न्हाय. दोन गळ टाकून झाले, पण दहातली सहा मिनिटं उरली आणि पेन तर उचलायचं नाही. मग सवयीनं हात पुढं धावला : झुंबरला बघाय गेलतो तवा कुरुंदवाडचं मैदान मारल्याला पैलवान दारात बघून ती थरथरली, हातातली कपबशी वाजाय लागली.

वही उघडीच टाकून तो आंघोळीला गेला. चार तांबे उगाच फरशीवर ओतले, मोठ्यानं खाकरला, आणि येऊन ताटावर बसला.

"आबा, तालमीत बुलेटवरनं सोडू का आज?" राजवर्धननं विचारलं.

"मामा, कालचा रस्सा गरम केलाय. वाढू?" क्रांतीनं विचारलं.

आकारामनं दोघांची बोटं निरखली. मातीचा कण नाही. पण दोघंही गोड बोलत होती. म्हणजे दोघांनीही वाचलं होतं.

गॅसपुढं भाकरी थापल्याचा आवाज एकाएकी थांबला.

"थरथरलो न्हवतो मी," झुंबरबाई तव्याकडं तोंड करूनच म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"तुमी बघाय आलासा तवा. भ्यालो बिलो काय न्हवतो. हसू दाबत हुतो, म्हणून वाजली कपबशी."

आकारामचा घास होता तिथंच राहिला. ताटात गरम भाकरी पडली. वाढणारा तो हात त्यानं पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला. अंगठा स्वच्छ होता. मधल्या बोटाच्या पेराला मात्र, पेन टेकतं तिथं, निळा डाग होता. क्रांती खाली मान घालून आपल्या ताटातला रस्सा ढवळू लागली.

"कशाचं हसू गं, आई?" राजवर्धननं मोबाइल पालथा ठेवला.

आता संपलं. मैदानात पाठ टेकायच्या आधी कान असेच गरम झाले होते, हे आकारामला नेमकं आत्ता आठवलं.

झुंबरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. सावकाश पदरानं हात पुसले.

"माझ्या माहेरात, कुरुंदवाडला, परड्यात चिंच हाय बघ. वर चढलं की समदं मैदान दिसतंय. ह्ये बघाय आलं त्याच्या आदल्या उरसात मी त्या चिंचंवर बसलोतो."

"म्हणजे आबांची कुस्ती तू बघितलीस? ती अकरा सेकंदांची?"

"बघितली की."

पैलवानानं डोळे मिटून घेतले.

"पर अकरा खोटं हाय," झुंबरबाई म्हणाली आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "चारच लागली."