वीस ओळी बाकी

“पाय वर घ्या सगळ्यांनी,” बिडकरकाका दबक्या आवाजात म्हणाले, आणि प्रयोगशाळेतली चारही माणसे खुर्च्यांवर मांड्या घालून बसली. स्पर्शाने चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची सुई डीएनएच्या धाग्यांवरून फिरू लागली होती. कुणाचे नुसते पाऊल वाजले तरी चित्र बिघडत असे.

पीएचडी करणारी हेमांगी पडद्याकडे टक लावून बसली होती. तीन महिने हीच सुई ते नाजूक धागे ओरबाडून नेत होती, आणि प्रबंधासाठीचा नमुना आता थेंबभरच उरला होता. काल काकांनी, संस्थेतल्या या सर्वांत जुन्या तंत्रज्ञाने, तिला सुनावले होते, “अगं, झाडू मारतेस की काय? सुई घासू नकोस. हलकेच टेकव, उचल, पुढे ने.”

आज सुई तशीच टेकत-उचलत चालली होती. पडद्यावर खालून वर एकेक ओळ उमटू लागली. नमुना पसरलेल्या सपाट अभ्रकावर धाग्याचा एक बाक दिसला, मग दुसरा, आणि पाहता पाहता धाग्याचे अखंड कडे तयार झाले. प्रथिनाचा मणीही त्यावर अगदी तिने वर्तवलेल्या जागीच बसला होता.

“हलायचं नाही हं! वीस ओळी बाकी आहेत,” काकांनी बजावले. हेमांगी तोंड दाबून डोळ्यांनीच हसत राहिली.

पुढच्याच क्षणी धप्पकन आवाज झाला. आनंदाच्या भरात खुद्द काकांनीच खुर्चीवरून उडी मारली होती. चित्राच्या माथ्यावर पांढरा पट्टा उमटला.

“घात केला गं मी!”

“राहू द्या काका, कडं पूर्ण आलंय.”

प्रबंधात तिने ते चित्र तसेच छापले. खाली टीप दिली: ‘वरील पट्टा: श्री. बिडकर यांची उडी.’