समोरासमोर

सोलापुरातली जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत वृंदा पाहुण्यांना फिरवत होती. आराखडा तिचाच होता. "इथं एकाही खिडकीतून दुसऱ्याचं घर दिसत नाही," ती अभिमानाने म्हणाली.

जिन्यात बसलेल्या कमरुनबी म्हणाल्या, "म्हणून तर आमच्या नरसम्माचं बोलणं बंद पडलं, मॅडम."

नरसम्मा जन्मापासून मूकबधिर. चाळीत तिची आणि कमरुनबींची गॅलरी समोरासमोर होती. तांदूळ निवडताना चौकापलीकडून हातवाऱ्यांनी गप्पा चालायच्या. "आता मधे भिंती. दार वाजवलं तर तिला ऐकू येत नाही. सून घरी असली तरच भेट."

वृंदाचा चेहरा उतरला. तिने पाहुण्यांना खाली पाठवलं. "'माझं चुकलं' हे हातांनी कसं सांगायचं?"

कमरुनबींनी दाखवलं.

दोघी नरसम्माच्या घरी गेल्या. सून घरीच होती, तिने दार उघडलं. वृंदाने नरसम्मासमोर तसेच हात हलवले. पाहुणी न सांगता आल्याची माफी मागतेय, असं समजून नरसम्मा हसली आणि तिने खुर्ची पुढे केली.

"यांना सांगा ना, ही इमारत मी..." वृंदा म्हणाली.

पण कमरुनबींचं लक्ष नव्हतं. दोघींचे हात केव्हाच बोलू लागले होते.