एकेचाळिसावी जागा

“पोथी मिटू नकोस, सायमन. आधी आभार मानू दे,” म्हातारे थॉर्न म्हणाले आणि बाकाचा आधार घेत हळूहळू गुडघ्यांवर उतरले.

सायमन हॅलटने त्यांच्या कोपराखाली हात दिला. दोन वर्षांची ही सवय होती. पोथीतली एखादी जागा थॉर्नांच्या अंदाजाप्रमाणे निघाली, की ते कॉलेजच्या ग्रंथालयात, तिथल्या तिथे, गार फरशीवर गुडघे टेकून देवाचे आभार मानत. आजची जागा एकेचाळिसावी होती. शेवटची.

तीनशे वर्षांपूर्वीच्या एका मठाधिपतीने लिहिलेल्या त्या प्रार्थना. कॉलेजकडे त्यांची एकच प्रत होती, आणि ती उंदरांनी एकेचाळीस ठिकाणी कुरतडलेली. तिथे मूळ शब्द काय असतील, याचा थॉर्न तीस वर्षं विचार करत होते. सगळ्या प्रार्थना एका वहीत उतरवून त्या जागी सुचेल ते लिहून ठेवत. शेजारच्या कॉलेजातले लोक भर जेवणात विचारायचे, “काय थॉर्न, आज उंदराच्या पोटात काय सापडलं?” मग एका मृत्युपत्रातून दुसरी पोथी आली. राजाच्या हुकमाने मठ मोडले गेले तेव्हा कुणीतरी पिठाच्या पिंपात लपवलेली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड. पण त्याच हिवाळ्यात थॉर्नांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला. तेव्हापासून त्यांचा हा जुना विद्यार्थी रोज दुपारी त्यांना पोथी वाचून दाखवत होता. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. आणि थॉर्नांचे सगळेच अंदाज खरे निघत होते. पुस्तक छापायला गेलं होतं. ‘अखंड पोथीशी ताडून पाहिलेलं’ असं पहिल्याच पानावर छापलं होतं. शेवटचा मजकूर तेवढा उद्या जायचा होता.

“ईस्टरला तू निघणार,” थॉर्न उठता उठता म्हणाले. “तुझ्या त्या लॉर्डच्या गावचा पाद्री एकदाचा गेला म्हणायचा. देव त्याला शांती देवो, पण दोन वर्षं ताटकळत ठेवलंन् तुला. आता लॉर्डच्या शब्दाप्रमाणे ती जागा तुझी. अ‍ॅग्नेसशी लग्न कर, सुखाने राहा. नाहीतर कॉलेजच्या नियमाने माझ्यासारखा बिनलग्नाचा इथेच उंदीर मोजत बसला असतास.”

सायमन हसला नाही.

“जाण्याआधी माझं एक पाप ऐकून घे,” थॉर्न म्हणाले. “इथे पहिलं पाऊल टाकताना आपण शपथ घेतो ना, आत ज्योत आणणार नाही म्हणून? मी आणली होती. पोथी आली त्याच आठवड्यात. डोळे जात होते रे. बाहीत मेणबत्ती लपवून आणली. एक ओळसुद्धा धड दिसली नाही, पण पहिल्या पानावर मेणाचा थेंब मात्र पडला. माझं बोट ठेव त्यावर. तुझ्यासमोर कबूल केलं, की हलक्या मनाने उद्या शेवटचं पान पाठवेन.”

“कशाला सर,” सायमन घाईने म्हणाला. “एवढासा थेंब. कधीच निघून गेला असेल.”

“गेला असला तरी डाग राहतो. दे इकडे.”

“सर, ऐका माझं. राहू दे ना.”

पण थॉर्नांनी पोथी पुढे ओढली होती. तिला बाकाशी बांधणारी साखळी वाजली, रोज वाजायची तशीच. बांधणीच्या ओकच्या फळ्या त्याच होत्या. पितळी कडी तीच होती. त्यांनी वरची फळी उघडली आणि पान चाचपलं.

पोथीची पानं कातड्याची होती. कातडं बोटाला गार आणि गुळगुळीत लागतं. हे खरखरीत होतं. त्यांनी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. कागदच. मग त्यांचं बोट पानांच्या मधल्या शिवणीवर गेलं. जाड दोरा, चांभाराकडचा. खाली तीन गाठी, एकीवर एक. “पिता, पुत्र, पवित्र आत्मा,” असं म्हणत त्यांची बहीण डॉर्कस या गाठी मारायची. थॉर्नांच्या सगळ्या वह्या तिनेच शिवल्या होत्या. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“पोथी कुठे आहे?”

खाली अंगणात कुणीतरी मोठ्याने हसत गेलं.

“लॉर्डकडे,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना जुन्या पोथ्यांचं वेड आहे. गावचा पाद्री नेमणं त्यांच्या हातात होतं, सर. अ‍ॅग्नेसने किती वर्षं वाट पाहायची? मला वाटलं, तुम्हाला तरी आता कुठे दिसतं...”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

थॉर्न बराच वेळ त्या गाठींवरून बोट फिरवत राहिले. आवाज त्यांनी चढवला नाही.

“एकदा तरी माझा अंदाज चुकीचा ठरवायचा होतास, सायमन,” ते म्हणाले. “मला स्वतःबद्दल शंका तरी आली असती.”

सायमनने सवयीने त्यांच्या कोपराखाली हात दिला. त्यांनी तो अलगद बाजूला केला आणि वही मिटली. एकेचाळीस वेळा त्यांनी या फरशीवर गुडघे टेकून म्हटलं होतं, ‘देवा, तू माझ्याशी बोललास.’ आणि एकेचाळीसही वेळा बोलली होती ती त्यांचीच वही.