उरलेली अक्षत

घरात लग्न निघालं की पहिली अक्षत गावदेवी जानुबाईला द्यायची, ही कोंडाबाईच्या गावची रीत. पण देऊळ गावासकट धरणाच्या पाण्यात गेलेलं आणि माणसं चार दिशांना पांगलेली. "आता तिथं हाय कोण, आये?" म्हणत लेक घरीच राहिला. कोंडाबाई एकटीच नावेत बसली.

भर पाण्यात नावाड्यानं न सांगताच इंजिन बंद केलं. "हितंच नव्हं, मावशी?"

"तुला रं काय ठावं?"

"तुमच्या गावची येत्यात की अधनंमधनं. समदी हितंच थांबाय सांगत्यात. परवाच एक म्हातारबाबा नातीची अक्षत टाकून गेलं. लई रडलं."

पदराची गाठ सोडता सोडता कोंडाबाईचा हात थांबला. परक्या मुलखातल्या त्या वसाहतीत तिला वाटायचं, गावाची आठवण काढणारी आपणच तेवढी उरलोय.

चिमूटभर पिवळे तांदूळ तिनं पाण्यावर सोडले. "जानुबाय, नातवाच्या लग्नाला ये गं."

उरलेले तांदूळ मात्र तिनं नावाड्याच्या ओंजळीत ओतले.

"आता जे कुणी येईल, त्येच्या हातावर दोन दाणं ठेव. म्हणावं, पंचमीला कोंडाबाईच्या दारात मांडव हाय. समद्या गावाला आवतान हाय."