पहिल्याची खुर्ची

घोडा शनिवार पेठेतल्या अभ्यासिकेच्या दाराशी थांबला. हलगीही थांबली. गुलालात न्हालेला पृथ्वीराज खाली उतरला. राज्यसेवा परीक्षेत राज्यात पहिला आलेला, आता उपजिल्हाधिकारी. त्याचे चुलते सर्जेराव लगाम धरून वर बघत म्हणाले, "ह्यो जिना हाय का शिडी?"

"घोडा वर आणू नका, एवढंच सांगते," अभ्यासिकेच्या मालकीण प्रेमलाताई वरूनच बोलल्या.

वर कोपऱ्यात नाजिमा, इथली सगळ्यांत जुनी परीक्षार्थी, पुस्तकं पिशवीत भरत होती. मिरवणूक पोचायच्या आत तिला निघायचं होतं, कुणाला न सांगता. हलगी तिच्याआधी पोचली.

इथली रीत अशी, की जो निवडला जाई तो गुलालानिशी परत येई आणि आपली खुर्ची आपल्या हाताने पुढच्याला देई. खुर्ची साधी प्लास्टिकची, एक हात तडकलेला. पण तिच्यावरून एक तहसीलदार उठला होता, एक पोलीस उपअधीक्षक उठली होती, आणि आता हा. या खेपेला ती इथेच अभ्यास करणाऱ्या मैत्रीला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मैत्रीही. पृथ्वीराज निवडला गेल्यापासून रोज सकाळी ती रिकाम्या खुर्चीवरची धूळ आपल्या ओढणीने पुसत होती.

पृथ्वीराजने खुर्ची उचलली. मैत्रीने केस सारखे केले. तो तिच्यासमोरून पुढे गेला आणि खुर्ची नाजिमापुढे ठेवली.

"ताई, निबंध तुम्ही शिकवलात. उत्तरं तुम्ही तपासलीत. खालचा घोडासुद्धा तुमचाच." तो सगळ्यांकडे वळला. "जुन्या चीनमध्ये बादशहाच्या परीक्षेत जो पहिला येई, त्याला घोड्यावरून मिरवायचे. चहा पिता पिता ताईंनीच सांगितलं होतं. तेव्हाच ठरवलं, पहिला आलो तर घोड्यावरूनच. बसा ताई. पुढचा नंबर तुमचा."

टाळ्या पडल्या. नाजिमा बसली. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला ते खरंच वाटलं.

"आणि हो," पृथ्वीराज हसत म्हणाला, "तेव्हा विचारायचं राहूनच गेलं. जे नापास व्हायचे, त्यांचं काय व्हायचं हो?"

"ते परत बसायचे," नाजिमा म्हणाली. "परत, परत. दाढी पांढरी झाली तरी. तिथे वयाची अट नव्हती."

कुणी हसलं नाही.

"ताई," मैत्रीने हळूच विचारलं, "तुमचं वय...?"

"गेल्या महिन्यात संपलं."

पृथ्वीराजच्या कपाळावरचा गुलाल घामाबरोबर डोळ्यांत उतरला. "बोलला का नाहीत?"

"चला सायेब!" खालून सर्जेरावांची हाक आली. "घोडं बिथरतंय!"

तो वाकून नाजिमाच्या पाया पडला आणि गेला. हलगी पुन्हा सुरू झाली, वळणापर्यंत ऐकू आली, मग विरली.

नाजिमा उठली. तिने खुर्ची मैत्रीपुढे सरकवली. "घे गं. तुझीच आहे."

मैत्रीचा हात खुर्चीच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तिने तो मागे घेतला.

"नको ताई. राग मानू नका. माझापण शेवटचाच अटेम्प्ट आहे."

नाजिमाने शेजारच्या मुलाकडे पाहिलं. त्याने पुस्तकात मान घातली. त्याच्या पलीकडच्यानेही.

"घरी घेऊन जा तू," प्रेमलाताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कोरडा ठेवायला त्यांना जमलं नाही. "इथे आता त्या खुर्चीवर कुणी बसणार नाही."

मंडईजवळच्या थांब्यावर कात्रजची बस आली. कंडक्टरने खुर्चीकडे पाहिलं. "मॅडम, संसार रिक्षात घाला," म्हणाला आणि घंटी मारली.

नाजिमाने खुर्ची फुटपाथवर ठेवली आणि बाजूला उभी राहिली. भाजीची जड पिशवी घेतलेली एक म्हातारी जवळ आली.

"बसू का गं जरा?"

"बसा ना."

म्हातारी बसली, चपला काढून पाय चोळू लागली.

"पाहुणे यायचेत वाटतं घरी?"

"नाही," नाजिमा म्हणाली. "उद्यापासून दिवसभर घरी मीच असेन."