काचेमागची ताई

फोटोग्राफरच्या दुकानात शिरताच समोर त्याच्या थोरल्या बहिणीचा फोटो दिसे. वर्षानुवर्षं माणसं त्यापुढे थबकत. "खिडकीचा उजेड चांगला होता, बाकी काही नाही," तो सांगायचा. पण त्याच उजेडातले त्याचे इतर फोटो कुणी ढुंकूनही बघत नसे.

"आत्ता बोलेल असं वाटतं हो," आज एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "श्वास रोखून बसल्यासारखी."

फोटोग्राफरनं वळून फोटोकडे पाहिलं. बटण दाबण्याआधी तो प्रत्येकाला "श्वास धरा" सांगायचा आणि दाबल्यावर न चुकता "सोडा". ताईचा फोटो काढला त्या दिवशी मात्र बटण दाबताक्षणी फोन वाजला होता आणि तो तसाच आत पळाला होता.

तेव्हापासून ताईला धाप लागते. डॉक्टरांना काही सापडत नाही. कालपासून तर ती अंथरुणातून उठलेली नाही.

गृहस्थ गेल्यावर तो फोटोसमोर उभा राहिला. स्वतःचंच हसू आलं, तरी हळूच म्हणाला, "ताई, सोड आता."

काच धूसर झाली. त्यानं ती बाहीनं पुसली. बाही कोरडीच राहिली. वाफ आतल्या बाजूनं धरली होती.

त्याच्या पाठीमागे फोन वाजू लागला.